पटकीच्या जंतूची ओळख पटेपर्यंतचे सात आठवडे

८ जुलैच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीतून अकरा नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले. दोन दिवस एकाच वस्तीतून जुलाब-उलट्यांचे रुग्ण येत होते. काहींचे जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढुरके होते आणि सोबतच्या कागदावर 'पटकी (कॉलरा) संशयित' असे लिहिले होते. शेवटचा अहवाल हातात पडला तो २६ ऑगस्टला. जिल्ह्याच्या पातळीवर पटकी रोज बघायला मिळत नाही आणि जेव्हा मिळते तेव्हा पुस्तकातला तक्ता आणि समोरची प्लेट यांचा मेळ बसतोच असे नाही. म्हणून या सात आठवड्यांत काय केले, कुठे अडलो, किती थांबलो, ते क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

आधीच सांगायला हवे की यातल्या एकाही चाचणीसाठी रुग्णाचे क्षारसंजीवनी पाणी किंवा विहिरीतली टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची) पावडर थांबवायची नसते. पटकीचा जंतू आहे एवढे तिसऱ्या दिवशी कळते, आणि साथ आवरायला तेवढे पुरते. तो कोणत्या घराण्यातला, याचे उत्तर पुढच्या साथीसाठी असते.

नमुन्यांपैकी आठ विष्ठेचे बोळे कॅरी-ब्लेअर या नमुना वाहून नेण्याच्या माध्यमात होते, दोन नमुने साध्या निर्जंतुक डबीत आणि एक बोळा कोरडाच नळीत घातलेला. हा जंतू कोरडेपणाने फार लवकर मरतो, त्यामुळे शेवटच्या बोळ्यातून काही उगवले नाही. कॅरी-ब्लेअरमध्ये मात्र तो साध्या तापमानाला काही दिवस तग धरतो, त्याला बर्फात कोंबायची गरज नसते. फॉर्मवर 'प्रतिजैविक दिले का आणि कधी' हा रकाना असतोच, पण तो कोरा सोडलेला असतो. फोन करून विचारले तेव्हा चौघांना बोळा घेण्याआधीच डॉक्सिसायक्लिन दिल्याचे कळले. हा फोन पहिल्याच संध्याकाळी करावा. नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि न उगवलेल्या नमुन्याचा अर्थ लावता येत नाही.

संध्याकाळी सहाला प्रत्येक नमुना जंतू वाढवण्याच्या क्षारीय पेप्टोन पाण्यात घातला. एक टक्का पेप्टोन, एक टक्का मीठ, पीएच ८.५. जुन्या बाटलीचा पीएच खाली घसरलेला असतो, म्हणून वापरण्याआधी पट्टी लावून बघावा. १० मिलीच्या नळीत नमुना एक मिलीपेक्षा जास्त नको, नाहीतर विष्ठेनेच पीएच उतरतो आणि क्षारीय माध्यमाचा फायदा जातो. त्याच वेळी मूळ नमुन्यातूनही एकेक प्लेट लावली. सहा तास ३७ अंशांवर ठेवल्यावर, म्हणजे रात्री बाराला, नळीच्या अगदी वरच्या थरातून लूप (टोकाला कडी असलेली तार) भरून टीसीबीएस या पटकीच्या जंतूसाठीच्या खास माध्यमाच्या प्लेटवर रेघा ओढल्या. नळी हलवायची नाही. पटकीचा जंतू प्राणवायूच्या ओढीने वर येतो आणि पृष्ठभागावर पातळ साय धरतो. हलवली की तो बाकीच्या गर्दीत मिसळतो. रात्री थांबणे शक्य नसेल तर सकाळी त्या नळीतून ताज्या पेप्टोन पाण्यात पुन्हा घालून सहा तासांनी प्लेट लावावी. अठरा तासांच्या नळीतून थेट प्लेट लावली की इतर जंतू वरचढ झालेले असतात.

टीसीबीएस ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नसते. उकळी आणायची, पूर्ण विरघळले की ५० अंशांपर्यंत निवू द्यायचे आणि ओतायचे. डब्या-डब्यांत फरक असतो, म्हणून नवा डबा उघडला की ओळखीचा जंतू लावून बघावा.

९ जुलैला दुपारी दोनला प्लेटा वाचल्या. अकरापैकी सातांवर पिवळ्या कॉलनी होत्या: दोन ते तीन मिलिमीटर, किंचित चपट्या, मध्ये दाट आणि कडेला पारदर्शक. जंतू साखर आंबवतो म्हणून हिरव्या माध्यमावर हा पिवळा रंग येतो. त्याच दिवशी वाचता येत नाही म्हणून प्लेट फ्रीजमध्ये ठेवू नये, पिवळ्या कॉलनी थंडीत पुन्हा हिरवट होऊ शकतात. पिवळे दिसले की लगेच फोन करावासा वाटतो. तो मोह आवरला, कारण एरोमोनास हा दुसरा जंतूही पिवळा दिसतो. टीसीबीएसवरून थेट ऑक्सिडेज (विकराची रंगचाचणी) किंवा सिरमची (प्रतिपिंडांनी जंतू गोळा होतात का बघण्याची) चाचणीही करू नये; माध्यमामुळे दोन्हींचे निकाल फसवे येतात. प्रत्येक प्लेटवरून दोन-दोन कॉलनी साध्या न्यूट्रिअंट अगारवर घेतल्या आणि आणखी एक रात्र थांबलो.

१० जुलैची सकाळ सगळ्यात भरगच्च होती. ऑक्सिडेज आधी. लाकडी काडीने कॉलनी कागदावर चोळायची, दहा सेकंदांत जांभळी झाली पाहिजे. नायक्रोमचा लूप वापरला तर तारेमुळेच रंग येतो, तो वापरू नये. सातही जांभळ्या झाल्या. मग दोरा चाचणी: स्लाइडवर अर्धा टक्का सोडियम डीऑक्सिकोलेटचा एक थेंब, त्यात भरपूर कॉलनी मिसळायची आणि मिनिटभर लूप हळूहळू उचलत बघायचे. पित्तक्षाराने जंतूचे आवरण फुटते आणि आतला डीएनए बाहेर येतो. आधी गढूळ असलेला थेंब एकदम स्वच्छ, चिकट होतो आणि लूपबरोबर दोन-तीन सेंटिमीटर लांब, शेंबडासारखा दोरा वर येतो. सहा नमुन्यांत दोरा आला. सातव्यात थेंब गढूळच राहिला आणि लूप कोरडाच वर आला. तो एरोमोनास निघाला.

मग सिरम. पटकीच्या जंतूचे दोनशेहून जास्त सीरोगट, म्हणजे सिरमवरून ओळखायचे गट, आहेत, पण मोठ्या साथी फक्त दोघांनी आणल्या: ओ१ आणि १९९२मध्ये मद्रासला प्रथम लक्षात आलेला ओ१३९. स्लाइडवर आधी सलाइनचा थेंब. जंतू त्यातच गोळा होत असेल तर तो खडबडीत प्रकारचा, त्याचे सिरम वाचता येत नाही. सलाइनमध्ये दूध पसरावे तसा एकसारखा गढूळपणा राहिला तरच पुढे जायचे. ओ१ सिरमच्या थेंबात सहाही नमुने दहा सेकंदांच्या आत फाटलेल्या दुधासारखे झाले, मधले पाणी स्वच्छ. मिनिटभरानंतर दिसणारे बारीक कण धन (पॉझिटिव्ह) धरू नयेत.

ओ१ नंतर त्याचे उपप्रकार, ओगावा आणि इनाबा. इथे आमची चूक झाली. इनाबा सिरमच्या कुपीची मुदत मार्चमध्येच संपली होती आणि हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने अर्धा मिली उसने दिले, ते दुसऱ्या दिवशी पोचले. तिन्ही सिरमच्या नव्या कुप्यांना आम्हाला मिळून सुमारे २५ हजार रुपये पडले आणि मागणीपासून हातात येईपर्यंत पाच आठवडे गेले. मुदत संपलेल्या सिरमने 'ओगावा' असा अहवाल गेला असता आणि तो बरोबरही निघाला असता, तरी तो देता आला नसता. इनाबा सिरम मेलेले असेल तर हिकोजिमा, जो दोन्ही सिरमांत गोळा होतो, तोही ओगावाच दिसतो. ११ जुलैला ठरले: सहाही ओ१, ओगावा.

ओगावा आणि इनाबा यांत फरक एका मिथाइल गटाचा आहे. तो चढवणारे जनुक बिघडले की ओगावाचा इनाबा होतो, आणि हे एकाच साथीत घडू शकते. त्यामुळे एका गावात ओगावा आणि शेजारी इनाबा मिळाला तर दोन वेगळे स्रोत आहेत असे लगेच समजू नये.

ओ१ असल्याचे १० तारखेलाच जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना फोनवर कळवले होते, पोर्टलवर प्रयोगशाळेचा फॉर्मही त्याच दिवशी भरला. तोंडी कळवताना 'ओ१ आहे, उपप्रकार बाकी आहे' एवढेच म्हणावे. बाकीचे अंदाज फोनवर सांगितले की दुसऱ्या दिवशी ते पक्के म्हणून फिरतात.

आता बायोटाइप, म्हणजे जंतूच्या वागण्यावरून पाडलेला प्रकार. ओ१चे दोन बायोटाइप, क्लासिकल आणि एल टॉर. एल टॉर हे सिनाईतल्या विलगीकरण छावणीचे नाव, १९०५मध्ये तो तिथे सापडला, आणि १९६१मध्ये इंडोनेशियातून सुरू झालेली सातवी जागतिक साथ त्याचीच. तक्ता सोपा आहे. एल टॉर व्हीपी या रासायनिक चाचणीत लाल होतो, कोंबडीच्या तांबड्या पेशी गोळा करतो आणि पॉलिमिक्सिन-बी या प्रतिजैविकाच्या ५० युनिटांच्या चकतीला दाद देत नाही. क्लासिकल तिन्हींत उलटा वागतो.

व्हीपीसाठी एक मिली कल्चरमध्ये आधी ०.६ मिली अल्फा-नॅफ्थॉल आणि मगच ०.२ मिली ४० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. क्रम उलटला तर रंग फिका येतो. नॅफ्थॉलचे द्रावण जुने होऊन तपकिरी झाले असेल तर टाकून द्यावे. कोंबडीच्या रक्तासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून अल्सीव्हरच्या द्रावणात २ मिली रक्त आणले. सलाइनने तीनदा धुऊन २.५ टक्क्यांचे मिश्रण केले, त्याच्या थेंबात कॉलनी घोळली की मिनिटाच्या आत तांबडे कण दिसायला हवेत. एकदाच धुतलेल्या पेशी नियंत्रक (आधीच ओळखीच्या) जंतूशीही नीट वागेनात, हे आम्ही करून बघितले. तिसऱ्या धुण्यानंतर वरचे पाणी स्वच्छ दिसले तेव्हाच निकाल सुटसुटीत आला. पॉलिमिक्सिनची चकती म्युलर-हिंटन अगारवर, लेप पातळ.

१२ जुलैला सकाळी व्हीपी लाल, म्हणजे एल टॉर. कोंबडीच्या पेशी गोळा, म्हणजे एल टॉर. आणि पॉलिमिक्सिनच्या चकतीभोवती सहाही प्लेटांवर स्वच्छ वर्तुळ, ११ ते १३ मिलिमीटर. तक्त्याप्रमाणे हा क्लासिकल. क्लासिकल बायोटाइप १९९०च्या दशकापासून साथींतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामुळे पहिली शंका स्वतःच्या कामाचीच आली. प्लेट भेसळली का, चकती जुनी का, नमुन्यांचे क्रमांक बदलले का? शनिवार होता आणि मन हबकले होते. त्या दिवशी कोणालाही काही कळवले नाही, आणि तेच योग्य होते.

रविवारी तिन्ही चाचण्या पुन्हा लावल्या, या वेळी दोन ओळखीच्या जंतूंसकट: क्लासिकलचा ओ३९५ आणि एल टॉरचा एन१६९६१. ओ३९५भोवती वर्तुळ आले, एन१६९६१भोवती नाही. म्हणजे चकती ठीक, हातही ठीक. आमच्या सहांभोवती पुन्हा वर्तुळ होतेच. नियंत्रक जंतू शेजारी नसता तर आम्ही चकती बदलत बसलो असतो.

याचे उत्तर तक्त्याच्या वयात आहे. तो तक्ता बनला तेव्हा एल टॉरच्या अंगात एल टॉरचेच विष होते. पुढे एल टॉरने क्लासिकलचे विष तयार करणारे जनुक घेतले. असे मिश्र नमुने बांगलादेशातल्या मतलब या ठिकाणाहून २००२मध्ये नोंदले गेले, आणि नंतर असे बदललेले एल टॉर आशिया-आफ्रिकेत पसरले. गेल्या दशकात कोलकात्यातून पॉलिमिक्सिनला बळी पडणारे एल टॉरही मिळू लागले. म्हणजे ही चकती आता एकटी काहीच सांगत नाही. अहवालात 'एल टॉर, पॉलिमिक्सिन संवेदनशील' असे दोन्ही लिहावे; निकाल तक्त्यात बसत नाही म्हणून तो गाळू नये. मेंढीच्या रक्तावरची रक्तविघटन चाचणी आम्ही केली नाही. १९६०च्या दशकापासूनचे बरेचसे एल टॉर ते करतच नाहीत, तेव्हा त्यातून भर पडत नाही.

१४ जुलैला पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघण्याची चाचणी. डीएनएसाठी महागडा किट लागत नाही. चार-पाच कॉलनी २०० मायक्रोलिटर पाण्यात, दहा मिनिटे उकळत्या पाण्यात, पाच मिनिटे बर्फात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १२ हजार फेऱ्यांवर पाच मिनिटे, आणि वरच्या पाण्यातले २ मायक्रोलिटर २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात. वरचे पाणी उचलताना टोक तळाच्या गाळाला लागू देऊ नये, त्यातली प्रथिने पीसीआर अडवतात. आम्ही जेलवर पाहिलेल्या जनुकांच्या पट्ट्या (आकडे तुकड्याच्या लांबीचे, बेस-जोड्यांत): प्रजातीसाठी ओएमपी-डब्ल्यू ५८८, विषासाठी सीटीएक्स-ए ३०१, आणि बायोटाइपसाठी टीसीपी-ए, क्लासिकलची ६१७, एल टॉरची ४७१. पहिल्या जेलमध्ये फक्त पाणी घातलेल्या नळीतही ३०१ची पुसट पट्टी दिसली. ते अख्खे जेल बाद. जेल ज्या खोलीत चालवतो त्याच खोलीत मिश्रण बनवले होते, तिथल्या पिपेटवर आधीच्या पट्ट्यांचा डीएनए होता. दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने आणि नव्या पाण्याने १५ तारखेला पुन्हा केले तेव्हा पाण्याची नळी स्वच्छ आली. सहाही नमुन्यांत ५८८, ३०१ आणि ४७१. अंग एल टॉरचे, हे ठरले. या पुनरावृत्तीचा खर्च एक दिवस आणि अभिकारकांचे साधारण हजार रुपये.

विष कोणाचे, हा पुढचा प्रश्न. विषाच्या सीटीएक्स-बी जनुकातल्या एका अक्षरावर बेतलेला पीसीआर आहे, तो क्लासिकल विष आणि एल टॉर विष वेगळे दाखवतो. आमचे सहाही 'क्लासिकल' आले. पण या पीसीआरला त्या जनुकाचा प्रकार १ (मूळ क्लासिकल) आणि प्रकार ७ यांतला फरक कळत नाही, आणि हैतीतल्या २०१०च्या साथीमुळे जगाला माहीत झालेला तो हाच प्रकार ७. म्हणून जनुकाचा अनुक्रम, म्हणजे अक्षरांचा क्रम, वाचून घ्यायचे ठरले. सहा नमुने, दोन्ही दिशा, प्रत्येकी ३५० रुपये, म्हणजे ४,२०० आणि वर कर धरून ४,९५६ रुपये. रक्कम लहान, पण तीन दरपत्रके, लेखा विभागाची सही आणि 'ही चाचणी इथे का होत नाही' याचे पत्र, यांत नऊ दिवस गेले. हे पत्र पावसाळ्याआधीच टाईप करून ठेवावे. नमुने २४ जुलैला गेले, अनुक्रम १ ऑगस्टला आले.

वाचताना बघायच्या जागा तीनच: ५८, ११५ आणि २०३. एल टॉरच्या मूळ विषात ११५ आणि २०३ला टी हे डीएनएचे अक्षर असते, क्लासिकलच्या विषात सी. प्रकार ७मध्ये या दोन्ही जागा क्लासिकलसारख्या असतात आणि शिवाय ५८व्या जागी सीचे ए झालेले असते. त्यामुळे विसावे अमिनो आम्ल हिस्टिडिनऐवजी अस्पॅराजिन होते. आमच्या सहाही नमुन्यांत ५८ला ए होते. इथे मोजणीत घोळ होतो. काही लेखांत अमिनो आम्ले जनुकाच्या आरंभापासून मोजतात, काहींत सुरुवातीची २१ आम्ले तुटल्यानंतरच्या पक्व प्रथिनापासून. म्हणून एका ठिकाणी ३९ आणि ६८ दिसते, तर दुसरीकडे त्याच जागांना १८ आणि ४७. आम्ही अर्धा दिवस या फरकात घालवला. अनुक्रम आधी एन१६९६१च्या जनुकाशेजारी ठेवावा, मग मोजावे.

राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेकडे नमुने पाठवायची तयारी १५ जुलैपासूनच सुरू होती. टीसीबीएसवरचे कल्चर पाठवू नये, वाटेत मरते. छोट्या स्क्रूच्या कुपीत मऊ न्यूट्रिअंट अगार, त्यात सुईने उभा टोचा, रात्रभर वाढ, झाकण घट्ट आणि वर पॅराफिल्म. ही कुपी साध्या तापमानाला, अंधारात महिनोनमहिने टिकते. तिहेरी वेष्टन: कुपीभोवती शोषक कापूस, मग न गळणारा डबा, मग कडक खोके. कागद खोक्यात, डब्यात नाही. सोबत विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, रुग्णांची यादी नावांऐवजी क्रमांकांनी, आणि आमचे सगळे कच्चे निकाल. पहिल्या कुरिअरने खोके परत केले, कारण वेष्टनावर जैविक नमुन्याची खूण नव्हती. जैविक नमुने नेणाऱ्या दुसऱ्याकडून १७ तारखेला गेले, २,३०० रुपये.

मधल्या काळात वस्तीच्या पाण्याचे दोन नमुने आले होते, एक लिटर प्रत्येकी, क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले. ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून पडदाच पेप्टोन पाण्यात टाकला. एकातून पिवळी कॉलनी आली, ऑक्सिडेज धन, दोराही आला. सगळ्यांचे डोळे तिथे लागले. पण ती ओ१मध्ये गोळा झाली नाही, ओ१३९मध्येही नाही, आणि सीटीएक्स-एची पट्टी शून्य. असे जंतू नद्या-खाड्यांच्या पाण्यात नेहमीच राहतात. दोरा आला म्हणून 'पाण्यात पटकी सापडली' असा निरोप गेला असता, तर ज्या विहिरीचा काही संबंध नव्हता ती बंद झाली असती आणि साथीचे खरे कारण असलेली फुटलेली जलवाहिनी तशीच राहिली असती.

२६ ऑगस्टला संदर्भ प्रयोगशाळेचा अहवाल आला: ओ१, ओगावा, एल टॉरचा बदललेला प्रकार, सीटीएक्स-बी ७. त्यांनी नॉट-वन या विकराने डीएनए कापून त्याचे तुकडे स्पंदित विद्युत क्षेत्रात वेगळे केले होते. सहाही नमुन्यांच्या पट्ट्यांचा नमुना एकच. यावर फार विसंबता येत नाही. सातव्या साथीचे जंतू एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की दूरच्या दोन गावांतल्या जंतूंच्या पट्ट्याही सारख्या दिसू शकतात. म्हणून सोबत डीएनएतल्या पाच ठिकाणच्या पुनरावृत्त तुकड्यांची मोजणी होती, जी लवकर बदलते. पाच नमुने पाचही ठिकाणी सारखे, सहाव्यात एका ठिकाणी एका पुनरावृत्तीचा फरक. एका ठिकाणचा एवढा फरक एकाच साथीत, रुग्णामागून रुग्ण जाताना पडतो. त्या सहाव्या रुग्णाचा बोळा बाकीच्यांच्या नंतरचा होता, हे आम्ही यादीतून पाहिले आणि जिल्हा अधिकाऱ्यांना लेखी कळवले.

सहाही जंतू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर ठेवले आहेत. वीज गेली तर हाताशी असावेत म्हणून टोच्याच्या कुप्यांचा दुसरा संच कपाटात आहे. बाकी सगळ्या प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून टाकल्या. रजिस्टरच्या त्या पानावर ओ३९५ आणि एन१६९६१च्या दोन ओळी नमुन्यांच्या वरच लिहिल्या आहेत, आणि सिरमच्या डब्याच्या झाकणावर तिन्ही कुप्यांच्या मुदतीच्या तारखा ठळक मार्करने. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या बघायच्या, म्हणजे मागणीचे पाच आठवडे पाऊस सुरू होण्याआधी संपतात.